जेमतेम ऐकू येईल एवढं

कान तपासायची खोली इस्पितळाच्या तळमजल्यावर, क्ष-किरण विभागाच्या मागच्या बोळाच्या टोकाला होती. दारावर अकरा हा आकडा आणि त्याखाली ‘आत तपासणी चालू आहे, बोलू नये’ अशी पाटी. त्या खोलीच्या आत आणखी एक खोली होती, मोठ्या कपाटाएवढी. तिला एकामागे एक दोन दारं, भिंतींना आतून जाड फोम, मध्ये एक खुर्ची आणि बाहेर बसलेल्याला आतल्या माणसाचा चेहरा दिसावा म्हणून दुहेरी काच. पेशंटला आत बसवायचं, डोक्यावर हेडफोन चढवायचा, लाल उजव्या कानावर, निळा डाव्या कानावर, हातात बटण द्यायचं आणि सांगायचं, कितीही बारीक आवाज आला तरी दाबा. मग बाहेर येऊन एकेक सूर सोडायचा आणि तो बारीक बारीक करत न्यायचा, बटण थांबेपर्यंत. जिथं थांबलं तिथं कागदावर खूण करायची. हे काम त्यानं तेहतीस वर्षं केलं.

इस्पितळात सगळे त्याला कानवाला म्हणत. घसा आणि नाक डॉक्टरांच्या वाट्याला, ह्याच्या वाट्याला नुसते कान. टायरच्या दुकानात काम करणारा त्याचा मेहुणा म्हणायचा, “भाऊजी, दिवसभर बहिऱ्यांशी बोलता आणि घरी आलात की ताईपुढे स्वतःच बहिरे होता.” कानवाला ह्यावर हसायचा. त्याचं हसणंही बारीक होतं, शेजारच्यालाच कळेल इतपत.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात एका सुट्टीच्या दिवशी तो बायकोला म्हणाला, चल, बाहेर जाऊ. तिनं नव्या चपला घातल्या. तो तिला अकरा नंबरमध्ये घेऊन गेला, खुर्चीत बसवलं आणि पाऊण तास तिचे कान तपासले. नंतर आलेख दाखवून म्हणाला, इतके चांगले कान मी अजून पाहिले नाहीत. ती माहेरी सांगायची की इतरांच्या नवऱ्यांना बायकोचे डोळे दिसतात, केस दिसतात, ह्यांना नुसते कानच दिसले.

त्याच दिवशी त्यानं तिला खोटं बोलणारे कसे पकडायचे तेही दाखवलं होतं. काही लोक बहिरे असल्याचं सोंग आणत, कुणाला हलकं काम हवं असे, कुणाला नुसती सहानुभूती. आणि काही उलटे, नोकरी जाईल म्हणून ऐकू येत नसतानाही बटण दाबणारे. अशांना पकडायची युक्ती साधी होती. सूर द्यायचाच नाही. हात मांडीवर ठेवून बसायचं आणि काचेतून बघायचं. ज्याला ऐकू येत नाही तो अंदाजानं दाबत राहतो, कारण इतका वेळ सूर ठरावीक अंतरानं आलेले असतात. “मग तुम्ही त्याला काय म्हणता?” तिनं विचारलं. तो म्हणाला, काही नाही, कागदावर लिहितो. त्या माणसाच्या तोंडाकडे मात्र बघवत नाही.

इस्पितळात नवं यंत्र आलं तेव्हा जुनं भंगारात निघालं. त्यानं सही करून ते घरी आणलं. दोन खोल्यांच्या घरात आतल्या खोलीच्या टेबलावर ते ठेवलं, शेजारी दोन टेपरेकॉर्डर. दर रविवारी दुपारी तीन ते सहा तो दार लावून बसू लागला. त्या तीन तासांत पंखा बंद, नळ बंद. बायको शाळेचे गणवेश शिवून द्यायची. तिचं शिवणयंत्रही बंद. त्या वेळात ती बाहेरच्या खोलीत बसून हातानं करायची कामं करी, काजं, बटणं, हातशिलाई. “तुझे भाऊजी फ्रिजला गाणं शिकवतायत,” असं ती भावाला फोनवर दबक्या आवाजात सांगे.

तो काय करत होता ते सांगायला फार शब्द लागत नाहीत. एका पेशंटचा कागद घ्यायचा. त्या माणसाला जे सूर अजून ऐकू येतात तेवढेच घ्यायचे, गेलेले सोडून द्यायचे. त्या उरलेल्या सुरांचं काहीतरी करायचं. सुरुवात एका बॉयलरवाल्यापासून झाली. त्या माणसाच्या कानात खालचे तीनच सूर शिल्लक होते. कानवाल्यानं त्यातल्या प्रत्येकाशेजारी त्याच्या अगदी लगतचा दुसरा सूर ठेवला. असे दोन सूर एकमेकांना खेटले की त्यांच्यामध्ये तिसरंच काही धडधडायला लागतं, जे दोघांपैकी कुणाचंच नसतं. चाळीस मिनिटं ती धडधड कधी जवळ येते, कधी लांब जाते. एवढंच. नाव ‘बॉयलरवाला’. मग ‘सुईण’ आली, ‘वेल्डर, डावा कान’ आला, ‘टेलिफोन ऑफिसातल्या बाई’ आल्या. नावं, गावं, वय काही नाही. वहीत फक्त धंदा आणि आकडे.

आणि एक नियम होता. कुठलाही सूर जेमतेम ऐकू येईल एवढाच ठेवायचा. बटणावरचा अंगठा हलेल न हलेल त्या जागी. आवाज मोठा असला की तो माणसाकडे चालून येतो, तो म्हणायचा, बारीक असला की माणसाला उठून त्याच्याकडे जावं लागतं.

त्याच इस्पितळात दंतविभागात कवळ्या बनवणारा एकजण होता, कानवाल्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. दिवसभर घासयंत्राच्या आवाजात बसून कान वाजतात म्हणून तो तपासायला आला. तपासणी झाली, कागदावर खुणा झाल्या आणि बोलता बोलता कानवाल्यानं, जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. कवळीवाल्यानं तिथंच हेडफोन लावून ‘बॉयलरवाला’ ऐकला. चाळीस मिनिटं तो खुर्चीवरून उठला नाही. बाहेर तीन पेशंट खोळंबले. उठल्यावर एवढंच म्हणाला, “सर, ह्याची एक कॉपी द्या.”

त्या एका कॉपीच्या पुढं खूप झाल्या. क्ष-किरणांच्या रिकाम्या पिवळ्या पाकिटांतून कापलेली वेष्टनं, त्यावर रबरी शिक्क्यानं मारलेला अकराचा आकडा, बाकी काही नाही. दुकानात त्या कधी मिळाल्या नाहीत. हातातून हातात गेल्या. दूरच्या शहरांतून इस्पितळाच्या पत्त्यावर ‘अकरा यांस’ अशी पत्रं यायला लागली आणि टपाल वाटणारा ती न विचारता बोळाच्या टोकाला आणून टाकायचा. एकीनं लिहिलं होतं की टेप ऐकून ती रस्त्यावरच्या दिव्यांची गुणगुण टिपत हिंडते. कुठल्याशा गावात चारजण जमून बंद पडत चाललेले पंखे वाजवत होते आणि स्वतःला त्याचे शिष्य म्हणवत होते. एकानं लिहिलं, संध्याकाळी बायकोशी भांडण ठरलेलं असतं, पण तुमची टेप लावली की ऐकण्यासाठी दोघांना गप्प बसावं लागतं आणि संपेपर्यंत मुद्दा विसरलेला असतो. ते पत्र कानवाल्यानं बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आपल्याकडे भांडणाला वेळच कुठं ठेवलाय तुम्ही.

त्याला शिष्य नको होते. ज्यांनी त्याच्यापासून काही घेतलं त्यातल्या बहुतेकांना त्यानं पाहिलंही नाही. फक्त कवळीवाला घरी येत राहिला, पंचवीस वर्षं. तो स्वतःही वाजवू लागला होता, दात घासायच्या यंत्रांवर, आणि बरं वाजवायचा.

पन्नाशी जवळ आल्यावर कानवाल्यानं शेवटचं मोठं काम हातात घेतलं. नाव ‘सगळे’. वहीतल्या तीनशे बारा माणसांचा एकेक सूर घ्यायचा, ज्याला जो सगळ्यात वरचा ऐकू येतो तो. सगळ्यात खाली बॉयलरवाला आणि त्याच्यासारखे. तिथून पायरी पायरीनं वर जायचं आणि शेवटच्या सहा मिनिटांत फक्त लहान मुलं, ज्यांना सगळं ऐकू येतं. मुलांचा सूर केसासारखा हवा, तो म्हणायचा. आहे की नाही असं वाटायला लावणारा. आठ वर्षं तो हे करत होता.

सहाव्या वर्षी वरच्या सुरांचं काम सुरू झालं तेव्हा त्याला यंत्र दमल्यासारखं वाटू लागलं. सूर जेमतेम ऐकू येण्यासाठी आवाजाची खुंटी पूर्वीपेक्षा जास्त फिरवावी लागे. म्हातारं झालंय, तो म्हणाला. त्यानं ते उघडलं, आतले भाग बदलले, जोर यावा म्हणून बाहेरून एक अँप्लिफायर जोडला. इस्पितळात रोज सकाळी पहिला पेशंट यायच्या आधी तो हेडफोन स्वतःच्या डोक्यावर लावून सगळे सूर ऐकून घ्यायचा, यंत्र ठीक आहे ना म्हणून. तिथंही वरचा सूर येईना. हेडफोन गेला म्हणून त्यानं दुरुस्तीला पाठवला. परत आला. पुन्हा पाठवला. दुसऱ्यांदा परत आला तेव्हा त्याला चिठ्ठी बांधलेली होती, ‘दोष आढळला नाही’. ती त्यानं घडी करून खिशात ठेवली आणि तिसऱ्यांदा पाठवला नाही.

बायको बाहेरच्या खोलीत काजं करत असायची तिथं तो आवाज यायचा. दाराखालून, भिंतीतून. तिच्या दाढा शिवशिवायच्या. दोन वर्षं ती कानात कापसाचे बोळे घालून बसली. तिला वाटलं, हेच त्यांना हवं असणार. आयुष्यभर इतकं हळू वाजवलं, आता वय झालं, ओरडावंसं वाटत असेल. ह्या बाबतीत आपल्याला काय कळतंय.

मग एक रविवार आला. सहा वाजून गेले होते, दार उघडलं होतं, मेहुणा जेवायला आला होता. हात धुताना त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, कानवाल्याच्या पेपरशेजारी. सातला त्याचा गजर लावलेला होता. बारीक, तीक्ष्ण, टिटिट टिटिट. कानवाल्याच्या कोपरापासून वीतभर अंतरावर तो वाजत राहिला, चांगला मिनिटभर. कानवाल्यानं पान उलटलं आणि वर न बघता म्हणाला, “सात वाजले की सांगा रे, मला रक्तदाबाची गोळी घ्यायची आहे.”

बहीणभावानं एकमेकांकडे पाहिलं. मेहुण्याच्या तोंडावर त्याची नेहमीची थट्टा आली होती ती तिथंच विरली. त्यानं घड्याळ उचलून बंद केलं. बायको म्हणाली, “सात वाजले.”

पुढच्या रविवारी तिनं नवऱ्याला सांगितलं, यंत्र बिघडलंय म्हणता ना, मग मी सूर सोडते, तुम्ही ऐका, म्हणजे कुठं बिघडलंय ते कळेल. तो लगेच तयार झाला, जरा जास्तच लगेच. जेवणाच्या टेबलाची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. त्यानं स्वतःच हेडफोन चढवला, लाल उजवीकडे, निळा डावीकडे. बटण दाबलं की यंत्रावर दिवा लागायचा. तिनं खालून सुरुवात केली. दिवा लागला. वर गेली. लागला. आणखी वर, अगदी बारीक. लागला. सगळ्यात वरचा सूर, ज्याच्यासाठी तो दोन वर्षं खुंटी फिरवत होता, तो तिनं अगदी हळू सोडला, तरी लागला. तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे घड्याळाचं काहीतरी वेगळं असेल, पेपरात डोकं असेल.

मग तिला लग्नानंतरचा तो दिवस आठवला. तिनं खुंटीवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.

दिवा लागला. चार मोजेपर्यंत थांबला. पुन्हा लागला. तेवढंच अंतर, तेवढाच वेळ. तीस वर्षं जो क्रम त्याचे हात रोज पुढं नेत होते तो त्याच्या अंगठ्याला पाठ होता. ती त्याच्या पाठीकडे बघत राहिली. सदऱ्याची कॉलर मागून थोडी विरली होती, ती उलटून शिवायला हवी होती. दिवा लागत राहिला. खोलीत कुठलाच आवाज नव्हता.

तिनं यंत्र बंद केलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “कान ठणठणीत आहेत तुमचे.”

हेडफोन काढत तो म्हणाला, “म्हणजे यंत्रच.”

“यंत्रच,” ती म्हणाली.

‘सगळे’ पुरं झालं. कवळीवाल्यानं ते लोकांना ऐकवायचं ठरवलं, पहिल्यांदाच, एकत्र बसवून. त्याच्या ओळखीच्या एकाचं गालिच्यांचं गोदाम होतं. गुंडाळलेल्या गालिच्यांच्या चळती छतापर्यंत, त्यामुळे बाहेरचा आवाज आत येत नव्हता आणि आतला घुमत नव्हता. वेळ दुपारी चारची. मेहुण्यानं बहिणीला आठवडाभर फोन केले. सांग त्यांना, तो म्हणत होता, साठ माणसं येणार आहेत, लांबून येणार आहेत, हसं होईल. तुला जमत नसेल तर मी सांगतो. ती म्हणाली की तू काही सांगायचं नाहीस.

“तो माणूस माझ्याशी आयुष्यात कधी खोटं बोलला नाही,” ती म्हणाली, “आणि त्या खुर्चीत बसून अर्धा तास बोलला. किती घाबरला असेल ते बघ ना.”

गोदामात माणसं गालिच्यांवर मांडी घालून बसली होती. कानवाला टेपरेकॉर्डरशेजारी, लोकांकडे तोंड करून. पहिली पस्तीस मिनिटं त्याला पाहिजे होतं तसंच झालं. कुणी हललं नाही. माणसं पुढे झुकली, काहींनी तोंड उघडं ठेवून श्वास घेतला, नाकाचा आवाज होऊ नये म्हणून. सूर पायरी पायरीनं वर चढले. मग शेवटची सहा मिनिटं आली. मुलांची.

कानवाल्याच्या लेखी तिथं एक केस होता, उन्हात धरल्यावर दिसेल न दिसेल असा. त्यानं वर पाहिलं आणि त्याला साठ चेहरे एकदम आवळलेले दिसले. भुवया खाली, खांदे वर, मान आत. हा चेहरा त्याच्या ओळखीचा होता. नवखा असताना हातून चुकून खुंटी जास्त फिरायची तेव्हा काचेपलीकडचा माणूस असाच आक्रसायचा, आणि तो धावत आत जाऊन माफी मागायचा. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं दोन्ही तळवे कानांवर दाबले होते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मागचे तिघे उठून गेले. त्याची बायको भिंतीला टेकून उभी होती आणि फक्त त्याच्याकडे बघत होती. हात पुढे करून आवाज कमी करणं त्याला शक्य होतं. पण किती कमी, हे त्याला कळणार नव्हतं. तो सहा मिनिटं तसाच बसून राहिला.

संपल्यावर कवळीवाला उठून आला, त्याच्यापुढं गुडघ्यांवर बसला आणि त्याचे दोन्ही हात धरले. त्याचा चेहरा रडून सुजला होता. “सर, ती किंकाळी,” तो म्हणाला. “इतकी वर्षं तुम्ही आम्हाला गप्प बसवलंत ते ह्या किंकाळीसाठी. ती मुलांची आहे ना? मुलांचीच आहे.” मागं माणसं जमा झाली होती, उत्तराची वाट बघत.

कानवाला म्हणाला, “हो.”

परतताना मेहुणा गाडी चालवत होता, नवराबायको मागं बसले होते. निम्मी वाट झाल्यावर कानवाल्यानं विचारलं, “किती होता?”

तिनं शब्द शोधला. “माझ्या बोटातून मशीनची सुई गेली होती ना एकदा. तसा.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही बटण दाबत होतात,” ती म्हणाली.

सिग्नल लागला, सुटला, मागची गाडी हॉर्न द्यायला लागेपर्यंत मेहुण्याला गाडी पुढं काढायचं भानच नव्हतं. मग कानवाला म्हणाला की हे कुणाला सांगायचं नाही. मेहुण्यालाही उद्देशून म्हणाला. कान तपासणारा बहिरा निघाला म्हणून सबंध इस्पितळ हसेल, त्याचं काही नाही, हसू दे. पण मी त्या माणसाला हो म्हटलंय, आता त्याला काय सांगू, माझा अंदाज चुकला? बायकोनं वचन दिलं. आपणहून, त्यानं मागायच्या आधी.

गोदामात कुणीतरी ध्वनिमुद्रण केलं होतं, ते फिरलं. वर्षभरात सगळीकडे ती किंकाळी ऐकू यायला लागली. पंखेवाल्या चौघांनी पंखे सोडून दिले. कवळीवाल्याच्या नव्या प्रत्येक टेपच्या शेवटी ती होती. लांबून एक तरुण भेटायला आला, त्यानं फक्त त्या वरच्या सुरांचंच वीस मिनिटांचं काम केलं होतं. समोर बसवून त्यानं ते कानवाल्याला ऐकवलं. बायको स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. कानवाला वीस मिनिटं मान किंचित कलती करून शांततेत बसला, टेपची चाकं थांबली तेव्हा म्हणाला, “छान आहे. मेहनत आहे.” तरुण पाया पडल्यासारखा वाकून गेला.

त्या संध्याकाळी त्यानं बायकोला आतल्या खोलीत बोलावलं आणि स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. खुंटी तिच्या हातात दिली. म्हणाला, तू लाव. ती म्हणाली, मला ह्यातलं ओ का ठो कळत नाही. तो म्हणाला, कळायचं नाहीच आहे, ऐकायचं आहे.

पुढं अकरा महिने दर रविवारी दोघं मिळून ‘सगळे’ पुन्हा लावत होते, वरचा भाग, एकेक सूर. तो वहीतून आकडा सांगे, ती आवाज कमी करत नेई. किती आहे? आहे. अजून? आहे अजून. आता? आता गेला. मग एवढासा वर घे. तिला मुंगी चालल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत बसायचा, जणू आवाज तिथून निघतोय. आयुष्यभर तिला न आवडलेलं हे संगीत तिला ह्या महिन्यांतही आवडलं नाही. पण बाहेरून भाजीवाल्याची हाक आली तर ती चिडायला लागली. शेवटचा सूर लागला त्या दिवशी त्यानं विचारलं, “कसं झालंय?”

ती विचार करून म्हणाली, “आता त्रास होत नाही.”

तो खूप हसला. तिला पुढं कित्येकदा वाटलं की दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं, पण काय, ते तिला आजही सांगता यायचं नाही. तीन आठवड्यांनी, बुधवारी सकाळी, अकरा नंबरचं कुलूप उघडता उघडता तो बोळातच खाली बसला. वर नेईपर्यंत सगळं संपलं होतं. एकोणसाठ वर्षांचा होता. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं.

दोन महिन्यांनी कवळीवाला आला. दूरच्या देशातली एक छोटी कंपनी ‘सगळे’ची तबकडी काढायला तयार झाली होती. मूळ टेप हवी होती आणि वारसाची सही. बायकोनं दोन टेपा आणून टेबलावर ठेवल्या. ही गोदामातली, ती म्हणाली, आणि ही नंतरची. त्यांनी पुन्हा नव्यानं केली होती. हीच घ्या.

कवळीवाल्यानं दुसरी टेप शेवटपर्यंत ऐकली. मेहुणा त्या दिवशी तिथंच होता. सहा मिनिटं कवळीवाला कान लावून बसला आणि टेप संपल्यावर त्यानं खाली बघत, जपून जपून सांगितलं की वहिनी, ही ती नव्हे. शेवटी त्यांची तब्येत बरी नव्हती, हात कापत असेल. किंकाळीच गेली ह्यातली. आणि राग मानू नका, पण तुम्ही शेजारी होतात, तुम्हाला त्याचा त्रास व्हायचा हे मला माहीत आहे. तुमच्यासाठी त्यांनी हळू केलं असेल. तेवढे ते भले होते.

मेहुणा खुर्चीवरून पुढं सरकला. “अहो कवळीवाले, तुम्हाला माहीत नाही…” बहिणीनं त्याच्याकडे पाहिलं आणि तो थांबला.

एक वाक्य पुरे होतं. त्यांना ते ऐकू येत नव्हतं, एवढंच. मग हीच खरी टेप ठरली असती, आणि गोदामातल्या साठ माणसांनी, त्या पत्रं लिहिणाऱ्यांनी, लांबून आलेल्या त्या तरुणानं ज्याच्यापुढं मान लववली ती कान गेलेल्या एका माणसाची चूक ठरली असती. तिनं ते वाक्य तोंडात धरून ठेवलं. मग कवळीवाल्याला विचारलं, “तुम्हाला त्या आवाजात काय वाटलं हो? खरं सांगा. मला त्यातलं कळत नाही.”

तो म्हणाला, “माझा मुलगा चार वर्षांचा असताना गेला, तुम्हाला माहीत आहे. घरात कुणी ओरडलं नाही. मीही नाही. कामावर गेलो, कवळ्या केल्या.” मग म्हणाला, “त्या दिवशी गोदामात सरांनी ते केलं.”

ती उठली, त्याला पाणी आणून दिलं. मग कागद पुढं ओढला. त्यावर एक ओळ होती, सोबतची ध्वनिफीत हेच कृतीचं अंतिम रूप आहे काय. तिनं ‘होय’ लिहिलं, खाली सही केली आणि गोदामातली टेप त्याच्याकडे सरकवली. त्यानं ती रुमालात गुंडाळली. पहिली तबकडी मी स्वतः आणून देईन, वहिनी, असं म्हणून तो गेला.

टेबलावरचा ग्लास मेहुण्यानं उगाच इकडून तिकडे केला. “आठ वर्षं, ताई. आणि अकरा महिने तुझे.”

तिनं उरलेली टेप आपल्याकडे ओढली.

“लाव तर खरी,” तो म्हणाला. “मी ऐकली कुठं आहे नीट. मघाशी मी त्याच्या तोंडाकडेच बघत होतो.”

तिनं पंखा बंद केला, खिडकी लावली आणि उरलेली टेप सुरुवातीला नेऊन चालू केली. तो पुढं झुकून बसला. आधी त्याला काहीच ऐकू येईना. यंत्र चालू आहे ना, त्यानं खुणेनं विचारलं. तिनं मान हलवली. एवढ्यात खाली रस्त्यावर कसलातरी ट्रक मागे घेत होते, त्याच्या घरघरीत पहिला बॉयलरवाला निघून गेला आणि त्याच्यामागचे दोघेतिघेही. ट्रक गेल्यावर जे कुणी वाजत होतं तिथून त्यांनी ऐकायला सुरुवात केली.